आप्पा, औषध अजून झालेलं नाही

आप्पा,

काल तुमच्या दूध संस्थेची सभा झाली. तुम्ही गेल्यानंतरची पहिली. वार्षिक सभा आणि तुमची शोकसभा एकाच मांडवात उरकली, कारण दोनदा मांडव घालायचा खर्च चेअरमन भाऊसाहेबांना पटेना. तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतंत आणि वर "मेलेल्याला सावली कशाला लागती?" म्हणून सगळ्यांना हसवलं असतंत. तुमच्या फोटोला घातलेला झेंडूचा हार एवढा मोठा होता की नाकाखालचे तुम्ही दिसतच नव्हतात. नुसता फेटा आणि डोळे. मी समोरच सतरंजीवर बसले होते आणि मला तुमचा राग येत होता.

हो, राग. माणूस गेल्यावर इतक्या लवकर त्याच्यावर रागावू नये हे मला कळतं. पण आपलं शेवटचं बोलणं भांडणातच संपलं आणि ते भांडण पुरं करायला तुम्ही थांबला नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. न्हावरे गावात तुमच्यासाठी रडणारी माणसं पुष्कळ आहेत. तुमच्याशी भांडणारी मी एकटीच होते, ते काम मलाच पुरं करावं लागणार.

दुष्काळाच्या साली तुम्ही विहीर खोल करत होतात. दोर तुटला आणि दगडांनी भरलेली पाटी तुमच्या पाठीवर आली. ट्रकमध्ये घालून तुम्हाला दौंडला आणलं. माझी आई त्या दवाखान्यात नर्स होती आणि मी कॉलेजात. तिचा डबा घेऊन यायचे तेव्हा वॉर्डात शिरायच्या आधीच तुमचं ओरडणं ऐकू यायचं. दुखणं थांबवणारी पेथिडीनची सुई टोचली की थोड्या वेळात तुम्ही शांत, आणि मग लगेच शेजारच्या खाटेवरच्या माणसाची टिंगल सुरू. त्या सुईनं तुम्हाला वाचवलं, हे मी आजही म्हणेन. पाठ जुळत आली, तरी सुई काही सुटेना.

सुईची वेळ टळली की घाम फुटायचा, हातपाय थरथरायचे, पोटात कळा यायच्या. गावातल्या हातभट्ट्या ज्यानं स्वतः लाथेनं उलथून टाकल्या, तो माणूस माझ्या आईचा पदर धरून म्हणत होता, "शिस्टरबाई, येकच द्या, पाया पडतो." आईनं पदर सोडवून घेतला आणि मोरीत जाऊन रडली. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुमची तिनं कीव केली असं तुम्हाला वाटलं असतं. ती कीव नव्हती. आपल्याच हातानं दिलेलं औषध माणसाचं असं करतं, याचा तिला धक्का बसला होता. पुढं तिनंच डॉक्टरांच्या मागं लागून, थोडी थोडी कमी करत, ती सुई सोडवली. तुम्ही तिला शिव्या दिल्यात, भांडं फेकून मारलंत, आणि बरे होऊन घरी जाताना तिच्या पायावर डोकं ठेवलंत. भर वॉर्डात. आम्ही बौद्ध, तुम्ही आज्यापर्यंत मेंढरांमागं फिरलेले. त्या काळी हे पाहून पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. तुम्ही कुणाकडे पाहिलं नाहीत.

सुई सुटली, पण पाठ दुखायची थांबली नाही. बाजेवरून उठताना तुम्ही दात आवळायचात आणि आम्ही ते न पाहिल्यासारखं करायचो.

मी एम.एस्सी. झाले तेव्हा तुम्ही तुपाचा डबा घेऊन दौंडला आमच्या घरी आलात. तूप आईच्या हातात दिलंत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि बसता बसता विचारलंत, "सुमे, दुखनं थांबवंल आन् सवय लावनार न्हाई, आसं औषध का न्हाई?"

"शोधावं लागेल, आप्पा."

"मग शोध की. शिकलीस कशाला?"

मला हसू आलं. मी तुम्हाला समजावून सांगू लागले. अशा शोधाला वर्षं लागतात. कंपन्यांना विकता येईल असं तयार औषध हवं असतं. सरकारला दवाखाने बांधायचे असतात. अगदी सुरुवातीच्या कामाला, जे होईल की नाही हेच ठाऊक नाही अशा कामाला, कुणी पैसा देत नाही. माझं व्याख्यान तुम्ही चहा संपेपर्यंत ऐकून घेतलंत. मग कपबशी खाली ठेवून म्हणालात, "व्हईल का न्हाई त्ये म्हाईत न्हाई, त्याला तर आम्ही शेती म्हंतो."

त्या वाक्यावर माझी पुढची सगळी वर्षं उभी आहेत. तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं होतं.

तुम्ही तेव्हा संस्थेचे चेअरमन. संस्थेच्या नफ्यातला थोडा वाटा दरवर्षी धर्मादाय निधीत जायचा. त्यातून देवळाचा सभामंडप झाला, शाळेचे बाक झाले, तालमीची लाल माती आली. प्रत्येक ठिकाणी संस्थेच्या नावाची संगमरवरी पाटी. देणगी म्हटली की पाटी आलीच. त्या वर्षी तुम्ही सभेत उठून सांगितलंत की निधी एका औषधाच्या शोधाला, उंदरांवरच्या प्रयोगांना द्यायचा. मांडवात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी विचारलं, "आप्पा, औशदाला पाटी कुठं लावायची?"

"उंदराच्या शेपटीला लाव," तुम्ही म्हणालात. सगळे हसले, आणि हसता हसता ठराव झाला. तुमची ती जुनी युक्ती. हसणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

नंतर एकानं हळूच विचारलं होतं, "पोरगी कुनाची म्हनायची?" काय विचारलं जातंय ते मला कळलं, तुम्हालाही कळलं. "शिस्टरबाईंची," तुम्ही म्हणालात, आणि पुढचा विषय घेतलात. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही विचारलं असतंत, "कशाबद्दल?" आणि मला सांगता आलं नसतं.

पुण्याला माझ्या सरांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक टेबल दिलं. दौंडहून सकाळची गाडी, संध्याकाळी परत. तुमच्या दुधाच्या पैशातून उंदीर आले, त्यांचं खाणं आलं, काचेची भांडी आली, माझा रेल्वेचा पास आला. एका झाडाच्या सालीचा अर्क काढून तो उंदरांना द्यायचा आणि मग त्यांना तापवलेल्या पत्र्यावर ठेवून ते कधी पाय उचलतात ते पाहायचं, असं साधं काम. अर्क दिलेला उंदीर इतरांपेक्षा जास्त वेळ उभा राहिला की दुखणं कमी झालं असं धरायचं.

तुम्ही एकदा ते पाहायला आलात. फेटा, काठी, धोतर. प्रयोगशाळेतले सगळे विद्यार्थी तुमच्याकडे पाहत राहिले आणि तुम्ही उंदरांकडे. मग मला काही कळायच्या आत तुम्ही आपला पंजा त्या पत्र्यावर ठेवलात.

"आप्पा, काय करताय?"

"त्याला किती लागतंय त्ये बघू दे की मला."

बराच वेळ ठेवलात. हात उचललात तो लाल झाला होता. मग पिंजऱ्यापाशी वाकून म्हणालात, "ह्यांला कोन इचारतं, न्हाई का?" सर नंतर मला म्हणाले की प्रयोगशाळेत इतकी वर्षं काम करतोय, पण हात ठेवून पाहायचं त्यांना कधी सुचलं नाही. तुमच्या पाठीत रोज काय चालतं याचा अंदाज मला तेव्हा आला. गरम पत्र्यावरचा हात तुम्ही अगदी सवयीनं सोसत होतात.

आणि ती दिवाळी! आठवतं ना? दिवाळीला संस्था सभासदांना दुधाच्या भावातला वर्षाचा फरक वाटायची, पेंड वाटायची. संस्थेच्या पैशातून जे जे होईल त्यात आपला वाटा, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. फरक घ्यायला आलेल्या बायका-माणसांच्या हातात त्या वर्षी रिकाम्या बाटल्या! कुणाची खोकल्याच्या औषधाची, कुणाची तेलाची, एका म्हातारीनं तर चांगली बरणी आणली होती. "आमच्या वाट्याचं औशद घाला," म्हणून. सेक्रेटरीची त्रेधा उडाली. तुम्ही मला निरोप धाडून बोलावून घेतलंत आणि म्हणालात, "आता तूच सांग त्यांला." मी खुर्चीवर उभी राहून सांगितलं की औषध अजून झालेलं नाही. म्हातारीनं बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "मग पुढल्या दिवाळीला येते. तवर मरत न्हाई मी." बाकीचे हसले. मला हसता आलं नाही. तिचे दोन्ही गुडघे सुजून भोपळ्याएवढे झालेले होते आणि ती चालत आली होती.

पुढल्या दिवाळीच्या आधीच मला कळलं की आपलं चुकलं. अर्कानं दुखणं थांबत होतं, त्यात शंका नव्हती. पण रोज दिला आणि मग बंद केला तर उंदीर थरथरायचे, खाणं टाकायचे, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकमेकांना चावायचे. मी ते पाहिलं आणि मला दवाखान्यातली तुमची खाट आठवली. म्हणजे आम्ही एवढी खटपट करून पुन्हा तिथंच आलो होतो.

तुमच्या गोठ्यात उभं राहून मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हशीच्या पाठीवर हात फिरवत ऐकत होतात. "म्हंजी उंदरं बी माझ्यावानीच निघाली," म्हणालात. मग तिच्यापुढं पेंड टाकत, "हे सभंत सांग."

"सभेत कशाला? एवढं सांगितलं तर निधी बंद होईल. दुसरी दिशा दिसते आहे, आप्पा. एक वर्ष मिळालं तर..."

"म्हनूनच सांग."

"तुम्हाला कळत नाहीये."

"मला लई कळतंय. लोकं बाटल्या घिऊन येत्यात. त्यांला खोटं सांगून एक वरीस काढशील, पुढं?"

आपण त्या दिवशी इतके मोठ्यानं बोललो की आक्का चूल सोडून नवऱ्याला काय झालं ते बघायला बाहेर आल्या. मी न जेवता निघाले. पण सभेत उभी राहिले आणि सगळं सांगितलं, कारण तुम्ही समोर बसला होतात आणि तुमच्यापुढं खोटं बोलायची माझी छाती नव्हती. आणि झालं तेच, जे मी म्हटलं होतं. "पैसा पाण्यात गेला," "उंदरं पोसली नुसती," "आता तरी बाक करा शाळंला." मांडवात गलका झाला. भाऊसाहेब तेव्हा साधे संचालक होते. ते गोड आवाजात म्हणाले की सवय लागते ती कमकुवत मनाच्या माणसाला, त्याला औषध काय करणार?

तेव्हा तुम्ही उठलात.

"सवय मला लागली व्हती," तुम्ही म्हणालात. "ह्या सुईची. शिस्टरबाईचा पदर धरून रडलोय मी. भट्ट्या मोडनारा तुमचा चेअरमन. सांगा, माझं मन कमकुवत हाय का? सुटली म्हनून आज उभा हाय. पुन्हा शिवनार न्हाई, ह्यो माझा सबूद. पन ज्याला कुनाला उद्या लागंल, त्याला शिस्टरबाई भेटंलच आसं न्हाई. म्हनून ह्या पोरीला आजून एक वरीस द्या."

वर्ष मिळालं. त्यानंतरच्या निवडणुकीत तुमची खुर्ची गेली. गावात पोरंसुद्धा "सुईवाला आप्पा" म्हणू लागली. मी तुमच्याकडे येऊन चिडून विचारलं होतं, कुणी सांगितलं होतं तुम्हाला सगळ्यांपुढं कपडे उतरवायला? तुम्ही धारा काढत होतात. "इज्जत साठवून काय करू?" म्हणालात. "ती दुधासारखी. ठिवली की नासली." मला ते उत्तर पटलं नाही. अजूनही पटत नाही. तुमची इज्जत खर्चून माझं टेबल चाललं, हे ओझं तुम्ही मला विचारून माझ्या डोक्यावर ठेवलंत का? नाही. आणि मी तुम्हाला ते बोलूनही दाखवलं नाही.

मग हे शेवटचं दुखणं. जुन्या दुखण्याचंच काही असेल म्हणून तुम्ही दिवस काढलेत आणि दौंडच्या डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे काढला तेव्हा गाठ हाडात पसरलेली होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टर भला माणूस. घरी येऊन सुई देतो म्हणाला. तुम्ही मान हलवलीत. नको.

मी दर रविवारी एस.टी.नं न्हावऱ्याला यायचे. प्रत्येक रविवारी तुम्ही आधीपेक्षा लहान झालेले. कूस बदलायची तर दोघांनी धरायचं, आणि तरी तुमच्या घशातून जो आवाज निघायचा तो गोठ्यापर्यंत जायचा, म्हशी कान टवकारायच्या. मी तुमच्या उशाशी बसून म्हटलं, "आप्पा, सुई घ्या."

"सबूद दिलाय."

"तो बऱ्या माणसाचा शब्द होता. मी जे शोधते आहे ते जगणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना उठून पुन्हा कामाला जायचं आहे. तुम्हाला आता कसली सवय लागणार? कधी सोडवायचीय ती?" असं मी तोंडावर बोलले. मरणाऱ्या माणसाला असं बोलू नये असं आक्कांच्या बहिणीनं मला डोळ्यांनी सांगितलं. मी ऐकलं नाही.

तुम्ही हसायचा प्रयत्न केलात. "सुमे, सभंत बोललोय मी. आता घेतली तर भाऊसाहेब म्हनल, बघा, सुईवाला त्यो सुईवालाच. मग तुझं कोन ऐकंल?"

"माझ्या कामासाठी तुम्ही ओरडत पडणार? असलं काम मला नको."

"जा आता. येष्टी चुकंल तुझी."

मी पायात चपला घातल्या आणि निघाले. मागं वळून पाहिलं नाही. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून रडले, भीमेचा पूल येईपर्यंत. त्या दिवशी बोललेलं मी आज परत घेणार नाही, आप्पा. पुन्हा तसंच बोलेन. पण नंतरच्या रविवारआधीच तुम्ही गेलात, आणि माझ्या कानात तुमचा तो आवाज तसाच राहिला. रोज गाडीत, रोज टेबलाशी. माझ्यासाठी हा माणूस तळमळून मेला, असं वाटून मी पिंजऱ्यांना हात लावेनाशी झाले.

काल सकाळी सभेआधी घरी गेले. आक्का भाकरी थापत होत्या. सुतकातली माणसं बाहेर पडवीत. मी चुलीपाशी बसले तशा त्या खाली बघूनच म्हणाल्या, "घेतली त्यांनी."

"काय?"

"सुई. तू गेल्यावर दोन दिसांनी. मलाच म्हनाले, बोलव डाक्टरला, आता न्हाई व्हत."

आक्का सांगत राहिल्या. तुम्ही झोपलात. उठलात ते शुद्धीत, स्वच्छ. गाभण म्हशीचं विचारलंत. दुधात कुस्करून भाकरी खाल्लीत, चार घास. स्वतःच्या लग्नात तुम्ही घोड्यावरून पडला होतात ती गोष्ट आक्कांना सांगितलीत, जणू त्या तिथं नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई घेतलीत. आणि त्यांना बजावलंत, "सुमीला सांगू नको. लई शहानपना करंल."

मी इतकी हसले की आक्काही हसल्या आणि मग आम्ही दोघी रडलो. बाहेर पडवीतल्या लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

आक्का डोळे पुसून म्हणाल्या, "भाऊसाहेब आज तुझं औशद बंद करनार हाय. ह्यांच्या नावाची कमान बांधायची म्हंतोय येशीवर. सुई न घेता गेले म्हनून ह्यांचा लई मोठेपना चाललाय. सांगू का मी सभंत?"

"नको," मी म्हटलं. "आक्का, नको. त्यांनी शब्द दिला होता. एकदा गावानं त्यांना हसून घेतलंय, पुन्हा नको."

"तुझं काम बंद पडंल."

"पडू दे."

त्यांनी भाकरी उलटली.

भाऊसाहेब चांगलं बोलले, हे सांगितलं पाहिजे. त्यांचे डोळेही भरून आले होते. हाडं पोखरत होती पण आप्पा सुईला शिवले नाहीत, म्हणाले. आप्पांनी आपल्या मरणानं दाखवून दिलं की मन खंबीर असलं तर औषध लागत नाही. मग सभासदांच्या घामाच्या पैशानं ते शोधायचं कशाला? हा निधी कमानीला देऊ. येणारा-जाणारा आप्पांचं नाव वाचील. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. तुमचं दुखणं आता त्यांच्या भाषणात शोभून दिसत होतं.

आक्का फोटोशेजारी बसल्या होत्या. दुधाचं खातं त्यांच्या नावावर, त्या सभासद, एवढंच त्यांच्याकडे होतं. त्या उठल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढला. माईक त्यांना नको होता.

"खोटं हाय त्ये," त्या म्हणाल्या. "सुई घेतली त्यांनी. म्याच डाक्टरला बोलावला."

भाऊसाहेब म्हणाले, "वैनी, बसा, तुम्ही दुःखात हायसा."

"दुःखात हाय म्हनूनच बोलते. माझ्या मालकाचा वरडून वरडून घसा बसला, तवा तुमच्यातलं कोन आलं व्हतं ऐकाया? सुई घेतली आन् त्यांनी मला हाक मारली. म्हशीचं इचारलं. त्या सुईनं दोन दिस माझा मानूस माघारी दिला मला. ह्यात कमीपना कसला? आन् धडधाकट हुते तवा ह्याच सुईनं त्यांला खाल्लं, त्ये बी म्या बघितलंय. ही पोरगी म्हंती, दुखनं जाईल आन् मानूस बी खानार न्हाई आसं काढू. काढू द्या की तिला. कमान कुनाची पाठ चोळनार हाय?"

आणि त्या खाली बसल्या.

भाऊसाहेबांनी कमानीचा ठराव वाचला. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या सभेत ठराव वाचून संपायच्या आधीच मंजूर मंजूर सुरू होतं, अर्धे लोक तर झोपेतच ओरडतात. काल कुणी ओरडलं नाही. त्यांनी पुन्हा वाचला. कर्ण्यातून नुसती घरघर. मग ते कागद घडी करून म्हणाले, "मग मागचंच चालू ठिवायचं का?" आणि बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "ठिवा." एवढंच. टाळ्या नाहीत, काही नाही. लोक चहाला उठले. आक्कांजवळून जाताना बरेच जण त्यांच्याकडे न बघता गेले. आजपासून त्यांना काय काय ऐकावं लागेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणजे आणखी एक वर्ष मिळालं. नवे उंदीर आले आहेत. सर म्हणतात, आपलं शरीर स्वतःच दुखणं थांबवणारं काहीतरी तयार करतं अशी परदेशात चर्चा सुरू झाली आहे, त्या अंगानं विचार करू. ह्या वेळी जमेल असं मी म्हणणार नाही. तुम्ही म्हणू दिलं नसतंत. कदाचित माझ्या हयातीत जमणार नाही, आणि दिवाळीला बरणी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून यायच्या बंद होतील. हे मनात आलं की हात थांबतो. मग तरी सुरू करते.

आक्कांनी एक गोष्ट सभेत सांगितली नाही. मांडवातून घरी परतताना, माझा हात धरून, फक्त मला सांगितली. डॉक्टर सुई घेऊन वाकले तेव्हा तुम्ही त्यांना थांबवलंत. भर दुपार होती, अंगणात कुणी नव्हतं. तरी तुम्ही आक्कांना म्हणालात, आधी दार लावून घे.

सुई घेतलीत ते बरं केलंत, आप्पा. दार मात्र लावायला नको होतं.